खुर्चीच्या उंचीची गाडी

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा आमच्या घरात गाडी नव्हती. पुढं ती आली, पण ती गाडीच आहे हे पटायला मला बराच वेळ लागला. एका बंद पडलेल्या गिरणीच्या मालकाच्या बंगल्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती. टायर मातीत रुतलेले, काचेवर धुळीचा थर, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. अमेरिकेत तयार झालेली, लांब नाकाची, दोनच दारांची गाडी. स्टिअरिंग डाव्या बाजूला. आमच्या यजमानांनी ती ट्रॅक्टरला बांधून घरी आणली तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली, आणि मी आतून दार लावून घेतलं. "लोक भंगारवाल्याला भंगार विकतात, आपल्याकडं उलटं," असं मी सासूबाईंना म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं असावं.

पुढची काही वर्षं यजमानांनी त्या गाडीवर असा जीव लावला की मी तिला सवत म्हणायला लागले. रविवारी सवतीची अंघोळ असायची आणि मी चहा करून द्यायचा असायचा. गाडी चालू झाली तेव्हा तिच्या आवाजानं गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. आमचा धंदा चादरी आणि टॉवेलचा. दुसरा कुणी असता तर अशी गाडी सणासुदीला बाहेर काढून मिरवली असती. यांनी तिच्या डिकीत चादरींचे गठ्ठे कोंबले आणि विजापूर, कलबुर्गीपर्यंतची गिऱ्हाइकं केली. गठ्ठ्यांच्या वजनानं गाडी मागून बसायला लागली, तेव्हा तिचे कमानपाटे वाढवून घेतले. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांना आमच्याकडं कमानपाटे म्हणतात. खड्ड्यांच्या भीतीनं पुढच्या स्प्रिंगांखालीही रबराचे जाड तुकडे घातले. अशी ती गाडी चांगली उंच झाली. तिच्यात बसायला मला साडी सावरून एक पाय आधी वर टाकावा लागायचा, आणि दर वेळी मी काहीतरी पुटपुटायचे.

मग हे पडले. गोदामातल्या माळ्यावरून गठ्ठा ओढताना शिडी सरकली. गठ्ठा आणि हे बरोबरच खाली आले. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. गठ्ठे उचलून कमावलेले हात आणि खांदे तेवढे होते तसे राहिले. आधी मुंबईपर्यंतचे डॉक्टर झाले, मग देव झाले, आणि शेवटी चाकांची खुर्ची आली.

जखमा भरल्यावर श्रावणातल्या एका सोमवारी त्यांना सिद्धेश्वराच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. बाजारपेठेतली माणसं सकाळीच आली. माणूस एवढ्यातून वाचला म्हणून प्रत्येकानं हार आणला होता. घरातली पूजा झालेली, कपाळावर भस्माचे पट्टे होते. गाडी फाटकात आणून उभी केली. पायऱ्या उतरवून त्या उंच गाडीत बसवायचं म्हणजे उचलण्याशिवाय मार्ग नव्हता. दुकानातली चार माणसं पुढं झाली आणि त्यांनी एक शब्दही न बोलता हारांसकट, खुर्चीसकट यांना खांद्यापर्यंत उचललं.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. त्याला बसवतात, कपाळी भस्म लावतात, हार घालतात आणि सजवलेल्या विमानात बसवून खांद्यावरून नेतात. त्या वेळी हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सवयीनं हात जोडले आणि डोळे मिटले.

यांनी ते बघितलं. मी यांच्याकडं बघत होते, त्यामुळं मला नेमकं कळलं की काय बघितलं.

"खाली ठेवा," हे म्हणाले. माणसं थांबली, पण त्यांना समजेना. "मी अजून हाय की. खाली ठेवा मला!"

त्यानंतर त्यांनी फाटक ओलांडलं नाही. पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून घेतला, त्यावरून खुर्ची अंगणापर्यंत यायची. अंगणात गाडी कव्हर घालून उभी असायची, तिच्या शेजारी बसून हे पेपर वाचायचे. सल्ले देणाऱ्यांना काही तोटा नव्हता. पुतण्यानं आपली नवी गाडी आणली, तर ती आमच्या गाडीपेक्षाही उंच. भाचेजावयाची छोटी गाडी आणली, तर तिच्या दारात खुर्ची शिरेना आणि गुडघे अडकायला लागले. कुणीतरी फळ्या लावून खुर्ची टेम्पोत चढवायची युक्ती काढली. "मी काय गठ्ठा हाय?" एवढंच बोलून यांनी तो विषय संपवला. मला राग यायचा. त्या माणसांचा यायचा, यांचाही यायचा, आणि समोरच्या बाईंचा तर इतका यायचा की संक्रांतीला मी त्यांच्याकडं तिळगूळ घेऊन गेले नाही. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष होता!

सगळं असंच चाललं असतं, पण अक्कलकोटच्या पुढच्या गावात यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, खुब्याचं हाड मोडलं.

आक्का यांच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या. शाळेच्या वयात हे त्यांच्याच सासरी राहिलेले. दिराजावांच्या घरात भाऊ ठेवून घेतला म्हणून आक्कांनी काय काय ऐकलं असेल ते त्यांनाच माहीत. पण त्यांनी भावाच्या ताटातलं दूध कधी कमी होऊ दिलं नाही. हाड मोडल्यावर त्या अंथरुणालाच खिळल्या. रोज संध्याकाळी बहीणभावाचा फोन व्हायचा. आक्का कानडीत बोलायच्या, हे अर्धं कानडी अर्धं मराठी, आणि दोघंही एवढ्या मोठ्यानं की फोनची गरज होती का असं वाटावं. शेवटी आक्का विचारायच्या, "कवा येतोस?" हे म्हणायचे, "येतो की." हे रोजचं ठरलेलं होतं.

एका संध्याकाळी त्यांनी ते विचारलं नाही. जेवलास का, औषध घेतलंस का, वैनी बरी हाय का, असं सगळं विचारलं आणि फोन ठेवला. हे बराच वेळ फोन हातात धरून बसले.

"आज इचारलं न्हाई तिनं," मला म्हणाले.

"विसरल्या असतील."

"ती इसरती व्हय?"

आक्का कधीच काही विसरत नसत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आता वाट बघण्यात अर्थ नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बहिणीला जिवंतपणी भेटायचं तर लवकर जायला हवं होतं, आणि जायचं तर स्वतःला चौघांकडून उचलून घ्यायला हवं होतं. यांच्यानं ते होत नव्हतं. रात्री मी त्यांना समजावायला गेले, तर तोंड भिंतीकडं केलं.

त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. तिनं एक गुळगुळीत फळी आणली. फळीचं एक टोक पलंगावर, दुसरं खुर्चीवर, आणि हातांच्या जोरावर सरकत पलीकडं जायचं. पण पलंग उंच होता. "दोन्ही एका पातळीत असेल तर काकांना कुणाची गरज नाही," ती म्हणाली. मी सुतार बोलावला आणि सासूबाईंच्या सागवानी पलंगाचे पाय कापून टाकले. त्या असत्या तर त्यांनी माझे कापले असते. त्या दुपारी हे पलंगावरून खुर्चीत आपले आपण गेले. मग खुर्चीतून पलंगावर आले. मग पुन्हा गेले. मी स्वयंपाकघरातून फळीचा आवाज ऐकत होते आणि कांदा चिरत होते, त्यामुळं रडायला निमित्त शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडीचं कव्हर ओढून काढलं आणि दार उघडलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. चार दारांच्या गाडीचं काम हिची दोनच दारं करतात, म्हणून एकेक दार पलंगाएवढं लांब होतं. खुर्ची थेट सीटला चिकटून उभी राहील एवढी जागा. अडचण होती ती फक्त उंचीची.

मी यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "पलंगाचे पाय कापले, तसे हिचे कापून घ्यायचे."

"अगं, गाडी म्हणजे काय बाज हाय का?"

"का? लोखंडच आहे ना?"

"खाली घेतली की घासती. चाल बिघडती तिची. एवढी वर्षं एवढं करून..." त्या गाडीला कुणी करवत लावावी ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती, हे मला दिसत होतं, आणि वाईटही वाटत होतं. पण माझं तोंड काही थांबलं नाही.

"बिघडू दे चाल. आपल्याला शर्यत पळायची नाही, आक्कांकडं जायचंय."

शेवटी हे म्हणाले, "मिस्त्रीला फोन लाव."

मिस्त्री म्हणजे त्या गाडीचे कमानपाटे ज्यांनी वाढवले होते तेच. अक्कलकोट रोडला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. उसाच्या हंगामात तिथं ट्रॉल्यांची रांग असते, कारण ऊस भरून भरून पाटे मोडतात. फोन करून मी तिथंच गेले. मी सांगितलेलं ऐकून ते हसायला लागले. "भाबी, सारे लोगां उप्पर करने कू आते, तुमे नीचे करने कू आये!" मग मी कारण सांगितलं. हसणं थांबलं. त्यांनी हात पुसले आणि मला बसायला स्टूल दिलं.

उंचीचं माप मी घरून आणलं होतं. खुर्चीच्या बैठकीपाशी एक बांबूची काठी उभी धरून, जिथं बैठक येते तिथं लाल दोरा बांधला होता. गाडीची सीट त्या दोऱ्याला आली पाहिजे, एवढीच माझी मागणी. मिस्त्रींनी गाडी वर्कशॉपवर नेली आणि आधी मागचे वाढवलेले पाटे काढले. गाडीचं मागचं अंग खाली आलं आणि नाक आभाळाकडं झालं. मग पुढचे रबराचे तुकडे काढले, तरी दोरा दूरच होता. म्हणजे आता स्प्रिंगा कापणं आलं. गॅसनं कापल्या असत्या तर झटपट झालं असतं. पण आगीनं स्प्रिंगचा ताव जातो आणि मग ती वजनाखाली बसत जाते, म्हणून त्यांनी कटर लावला आणि अगदी थोडीच कापली. परत बसवली, गाडी जमिनीवर टेकवली, पुढंमागं ढकलून अंग सैल करून घेतलं, आणि मी काठी लावली. पुन्हा काढली, पुन्हा थोडी कापली. "एकदम नक्को," ते म्हणायचे. "कापलेली परत जोडता येत न्हाई."

मी रोज जाऊन बसायचे. घरी बसले असते तर यांचे प्रश्न संपले नसते. नाक जास्त खाली गेलं नाही ना? पोट घासत नाही ना? ट्रॉली घेऊन आलेला एक ड्रायव्हर मला म्हणाला, "काय मावशी, रेसला न्यायची का गाडी?" मी म्हटलं, "व्हय. येतोस मागं पळायला?" वळताना टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागायला लागला, तर मिस्त्रींनी ती कड ठोकून आत वळवली. सायलेन्सर वर बांधला. आणि एका दुपारी माझा लाल दोरा सीटच्या कडेला बरोबर टेकला. मला एवढा आनंद झाला की मी चहावाल्याला वर्कशॉपमधल्या सगळ्यांना चहा द्यायला सांगितलं, त्यात तो रेसवाला ड्रायव्हरही होता.

गाडी अंगणात आली तेव्हा यांनी खुर्ची फिरवून सगळ्या बाजूंनी बघितली. मग म्हणाले, "बुटकी झाली की गं." आणि हात लांब करून टपावरून फिरवला. आता खुर्चीत बसून टपाला हात पुरत होता.

दार उघडलं, फळी लावली. हे सरकले आणि एका दमात सीटवर जाऊन बसले. पाय हातानं उचलून आत घेतले. दार ओढून लावलं. मिस्त्री आणि मी एकमेकांकडं बघून हसलो. आमचं हसू जेमतेम चहा होईपर्यंत टिकलं. उताराला सगळेच पैलवान असतात! यांच्या वजनानं सीटचा फोम दबला होता आणि गाडीही थोडी बसली होती. आता बाहेर यायचं तर फळी चढाची झाली. यांनी जोर लावला. पुन्हा लावला. कपाळावर घाम आला. मी पुढं झाले तर असं बघितलं की मी जागच्या जागी थांबले.

मिस्त्री म्हणाले, "चुकी माझी हाय. मोकळ्या गाडीचं माप धरलं." मी म्हटलं, काठी माझी होती. आम्ही दोघं चूक वाटून घेत होतो, आणि गाडीत बसलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता.

"चादर आण," आतून हे म्हणाले.

"थंडी वाजतीय का?"

"अगं चादर आण! जाडी, पट्ट्याची. धुतलेली नको, दबलेली असती ती. कोरी आण."

मी कपाटातली कोरी चादर आणली. त्यांनी घडी कशी घालायची ते सांगितलं, मग म्हणाले, आणखी एक आण. हातांवर अंग उचलून धरलं आणि मी चादरी खाली सारल्या. त्यांनी दाबून बघितलं, एक घडी उलगडायला लावली, पुन्हा दाबलं. हयात चादरी विकण्यात गेलेली, तळव्याला सगळं कळत होतं. मग फळी लावली आणि सरळ सरकत खुर्चीत आले. आमच्या घराण्यानं सोलापुरी चादरीचे गुण गिऱ्हाइकाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, पण हा गुण आजवर कुणाला सुचला नव्हता.

त्याच आठवड्यात निघालो. आक्कांना कळवायचं नाही असं यांनी ठरवलं. गाडी मिस्त्री चालवणार होते. स्प्रिंगा रस्त्याला कशा वागतात ते बघायचंय असं त्यांनी कारण सांगितलं, पण दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून आले होते. सीट पुढं पाडून मी मागं शिरले, चाकांची खुर्ची डिकीत गेली. हे पुढं उजवीकडं बसले. स्टिअरिंग डावीकडं असल्यामुळं बघणाऱ्याला वाटायचं की गाडी हेच चालवतायत. बाजारातल्या एका ओळखीच्यानं तर स्कूटर आडवी घालून म्हटलं, "मालक, गाडी चालवाय लागला की हो!" हे म्हणाले, "व्हय की," आणि दोन्ही हात वर करून दाखवले. तो माणूस दचकून बाजूला झाला. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं.

स्पीडब्रेकर आला की मिस्त्री गाडी तिरकी घ्यायचे. तरी एखाद्यावर खाली खर्रकन घासायचंच, आणि हे "आई गं" म्हणायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. अक्कलकोट गेलं, दुकानांवरच्या पाट्यांत कानडी अक्षरं दिसायला लागली, आणि यांचं बोलणं कमी कमी होत गेलं.

मिस्त्रींनी गाडी आक्कांच्या दारात नेऊन उभी केली, आणि तेव्हा कुठं मी समोर बघितलं. आक्कांचं घर जुन्या दगडी जोत्यावरचं. रस्त्यावरून दारापर्यंत उंच, अरुंद पायऱ्या. त्या पायऱ्यांवरून मी नवी नवरी म्हणून चढले होते, हे तर त्यांच्यावर खेळून मोठे झाले होते. गाडी खाली घ्यायची, सीट खुर्चीला आणायची, फळी, चादर, सगळा विचार केला, पण या पायऱ्या आम्हा दोघांपैकी एकालाही आठवल्या नाहीत. आठवल्या नाहीत तरी कशा, हे मला अजून समजत नाही.

गाडीचा आवाज ऐकून आक्कांचा मुलगा बाहेर आला, शेजारची माणसं आली. "मामा! अवो, कळवायचं तरी!" त्यानं पायऱ्यांकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं आणि बाह्या वर सारल्या. "एका मिनिटाचं काम हाय. चौघं धरतो की आमी."

यांनी दाराची कडी आतून घट्ट धरली. "नको," म्हणाले. मग समोरच्या काचेतून सरळ बघत, "मिस्त्री, गाडी वळवा."

मिस्त्रींनी आरशातून माझ्याकडं बघितलं. ओरडावंसं वाटत होतं, आणि त्या माणसाला कुशीत घ्यावंसंही वाटत होतं. बहिणीच्या दारात येऊन माणूस परत निघाला होता.

तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला. कोण आलंय, म्हणून विचारत होत्या. मुलानं आत जाऊन सांगितलं. मग आत वादावादी सुरू झाली. मुलगा आई, आई करत होता, डॉक्टर काय म्हणाले ते सांगत होता, आणि आक्का त्याच्यावर चढ्या आवाजात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला कानडी कळतं. त्या म्हणत होत्या, मला उचला.

दारात आधी एक लाकडी खुर्ची दिसली. तिच्यात आक्का होत्या. केस विस्कटलेले, कपाळावर सकाळच्या पूजेचं भस्म, खांद्यावर घाईत टाकलेली शाल. चौघांनी खुर्ची धरली होती. अंथरुणाला खिळल्यापासून त्या खोलीबाहेर आल्या नव्हत्या. ऊन लागलं तसे त्यांनी डोळे बारीक केले. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात गप्प उभ्या राहिल्या. पायऱ्या उतरताना खुर्ची एका बाजूला कलली, तशा आक्का मोठ्यानं ओरडल्या, "नीट धरा की रं! ही रंगीत तालीम हाय. खऱ्या येळंला पाडशिला मला!"

आधी एक बाई हसली. मग सगळी गल्ली हसली. खुर्ची धरणारे चौघंही हसायला लागले, त्यामुळं ती आणखी हलायला लागली, आणि आक्का त्यांना शिव्या देत देत खाली आल्या. मी यांच्याकडं बघितलं. कडीवरचा हात सुटला होता. ते बहिणीकडं बघत होते.

मिस्त्री पटकन उतरले आणि मी मागून बाहेर आले. आक्कांची खुर्ची डावीकडच्या दाराला लावली. सीट एवढी खाली होती की त्यांना फार हलवावं लागलं नाही. अलगद सरकवलं आणि त्या स्टिअरिंगसमोर जाऊन बसल्या. मुलानं दार लावलं.

"बंद्या तम्मा?" आक्कांनी विचारलं. आलास का रे भावा.

यांनी मान हलवली.

मी तिथून बाजूला झाले आणि पायरीवर जाऊन बसले. काचेतून दोघं दिसत होते. आक्का बोलत होत्या, हे ऐकत होते. मध्येच आक्कांनी स्टिअरिंग धरून बघितलं. मध्येच पदरानं यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, नाकासकट. बराच वेळ झाला. मिस्त्री एका कोपऱ्यात उकिडवे बसून स्प्रिंगा बघत असल्यासारखं करत होते.

मग आक्कांनी काच खाली करून मुलाला हाक मारली. त्यांना भूक लागली होती. चौघांनी त्यांना परत खुर्चीत घेतलं आणि उचललं. पायऱ्या चढता चढता त्या मान न वळवता म्हणाल्या, "होळगी केलीय. ये वर." होळगी म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी. भावाला काही विचारलं नाही, समजावलं नाही. माणसांनी त्यांना आत नेलं.

गाडीत हे एकटेच राहिले. आम्ही कुणी जवळ गेलो नाही. थोड्या वेळानं दार उघडलं. मी डिकीतून खुर्ची काढून लावली, त्यांनी फळी टाकली आणि कुणाचा हात न लागता खुर्चीत आले. चाकं स्वतः ढकलत पायऱ्यांपाशी गेले आणि ब्रेक लावला. भाचा आणि बाकीचे तिघं जवळ आले, पण हात लावायचं कुणाचं धाडस होईना.

"उचला," हे म्हणाले. "पण बोलत बोलत उचला. त्या दिवशी सगळी गप होती."

त्या दिवशी म्हणजे कधी, हे भाच्याला काय माहीत असणार? त्यानं खुर्चीला हात घातला आणि जे पहिलं सुचलं ते विचारलं.

"मामा, ही गाडी लिटरला किती पळती?"

हे सांगायला लागले. घाटात किती, सपाटीला किती, गठ्ठे भरले की किती, आणि आता खाली घेतल्यावर काय फरक पडेल. चौघं जण खुर्ची वर नेत होते आणि व्हय मामा, व्हय मामा करत होते. पायऱ्या संपल्या तरी यांचं सांगून झालं नव्हतं, आणि आतून आक्का ओरडत होत्या की आता गप बस, होळगी गार होतीय.